दिसायला एक, डीएनएत अनेक: समुद्री चपट्या किड्यांच्या प्रजाती मोजायच्या कशा?

समुद्रातले चपटे किडे, म्हणजे फ्लॅटवर्म, यांचे फोटो कुठे ना कुठे बघितले असतीलच. जांभळं अंग आणि नारिंगी कड, काळ्यावर पिवळे ठिपके, प्रवाळावरून कडा लहरवत पोहत जाणारे. हे झाले शोभेचे. यांना पॉलिक्लॅड म्हणतात आणि नाव दिलेल्या त्यांच्या प्रजाती साधारण 800 ते 1000 च्या घरात आहेत. पण समुद्री फ्लॅटवर्म म्हणजे फक्त हे नाहीत, वाळूच्या दोन कणांच्या मधल्या फटीत राहणारे एक-दोन मिलिमीटरचे पांढरट पारदर्शक जीव पण त्यातच येतात, आणि माशांच्या कातडीवर, कल्ल्यांवर चिकटून जगणारे परजीवी पण. समुद्राबाहेरचे धरून सगळ्या फ्लॅटवर्मच्या नाव मिळालेल्या प्रजाती 20,000 च्या वर जातात. आता यातल्या समुद्रातल्या खऱ्या किती असं कोणी विचारलं तर सरळ उत्तर नाही, आणि ते मोजायला माणसं कमी पडतात म्हणून नाही (कमी पडतात हे पण खरंच), तर एक प्रजाती संपून दुसरी कुठे सुरू होते हेच या प्राण्यांमध्ये भयंकर गोंधळाचं आहे.

शाळेत शिकवलेली व्याख्या सगळ्यांना आठवते, ज्यांची आपसात पिल्लं होतात आणि ती पिल्लं पुढे स्वतः प्रजननक्षम असतात ते सगळे एका प्रजातीचे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये हा विचार पक्का मांडला, आणि पक्षी किंवा सस्तन प्राणी असतील तर तो बऱ्यापैकी चालतो. फ्लॅटवर्मच्या बाबतीत अडचण अशी की बहुतेक प्रजाती लॅबमध्ये जगतच नाहीत, काय खातात तेच माहीत नसतं, मग त्यांची जोडी लावून पिल्लं होतात का बघणार कसं? त्यात हे जवळपास सगळे उभयलिंगी, एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही. काही पॉलिक्लॅडमध्ये तर समागम म्हणजे सरळ मारामारी असते. सूडोसेरॉस बायफर्कस नावाच्या जातीत दोन किडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या अंगात लिंग खुपसायचा प्रयत्न करतात आणि स्वतः मात्र वार चुकवतात, हे निको मिखिल्स आणि लेस्ली न्यूमन यांनी 1998 मध्ये लिहून ठेवलंय. आता विचार करा, शुक्राणू जर कातडीतून कुठेही टोचता येत असतील तर नर-मादी अवयव एकमेकांत नीट बसले पाहिजेत ही अटच राहत नाही, आणि बऱ्याच प्राण्यांमध्ये दोन प्रजातींना वेगळं ठेवणारी जी एक अडचण असते ती इथे आपोआप ढिली पडते.

मग शंभर-दीडशे वर्षं लोकांनी काय केलं? रंग बघितला आणि आतली रचना बघितली.

आतली रचना बघणं हे ऐकायला सोपं वाटतं. पॉलिक्लॅड हातात घेतला की फाटतो, केमिकलमध्ये टाकला की आक्रसून गोळा होतो, थोडा वेळ नुसता ठेवला तर स्वतःच विरघळायला लागतो. लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन यांनी 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीकडच्या किड्यांवर प्रचंड काम केलं, त्यातली त्यांची युक्ती म्हणजे फॉर्मॅलिन आधी गोठवायचं आणि किड्याला त्या बर्फावर अलगद सरकवायचं, म्हणजे तो सपाटच्या सपाट राहतो आणि रंग पण टिकतो. त्यानंतर खरं काम, शरीराचे काही मायक्रॉन जाडीचे सलग काप काढायचे, ते रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली एकेक बघत प्रजननाचे अवयव डोक्यात जोडत जायचे. एवढं करून सूडोसेरॉससारख्या जीनसमध्ये (म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात) हाती काय लागतं, तर सगळ्यांच्या आतली रचना जवळपास सारखीच! म्हणून त्यांनी रंग आणि नक्षी यालाच ओळखीचा मुख्य पुरावा धरलं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी दुसरा मार्ग पण नव्हता.

जुन्या नावांची कथा तर आणखी वेगळी. केलार्ट नावाच्या डॉक्टरांनी 19 व्या शतकात श्रीलंकेत त्रिंकोमालीला असे किडे गोळा केले, पुढे कॉलिंगवूड यांनी 1876 मध्ये त्यातले काही आणि पूर्वेकडच्या समुद्रातले स्वतः पकडलेले काही असे मिळून 31 प्रकार छापले. असल्या जुन्या कामातली कितीतरी नावं आज प्रत्यक्षात एका चित्रावर आणि चार ओळींच्या वर्णनावर उभी आहेत. किडाच हातात नाही, किंवा असला तर फॉर्मॅलिनमध्ये पार पांढरा पडलेला, रंग गेला आणि डीएनए पण कामातून गेलेला.

बरं रंगावर विश्वास किती ठेवायचा? सूडोसेरॉस इमिटेटस नावाचा फ्लॅटवर्म फिलिडिएला पुस्टुलोसा या विषारी समुद्री गोगलगायीची हुबेहूब नक्कल करतो, अंगावरच्या फोडांसकट. आता एकाच विषारी प्राण्याची नक्कल करणाऱ्या दोन वेगळ्या जाती असतील तर त्या एकमेकींसारख्या दिसणारच, नात्याचा काही संबंध नसताना. उलट बाजूने एकाच जातीत रंगाचे चार प्रकार असू शकतात. कॅरिबियनमधल्या सूडोसेरॉस बायकलर या नावाभोवतीच्या किड्यांचं 2010 मध्ये डीएनए बघितलं गेलं, मेरियन लिटव्हाइटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेव्हा रंगावरून केलेली विभागणी आणि डीएनएवरून दिसणारी विभागणी नीट जुळेना. शिवाय जे किडे अर्धपारदर्शक असतात त्यांच्यात पोटातलं खाणं बाहेरून दिसतं, म्हणजे काल काय खाल्लं त्यावर आज किडा कसा दिसणार ते ठरतं. असं असूनही मी रंगाला एकदम निकालात काढणार नाही, कारण बऱ्याच जातींमध्ये तो बरोबरच निघालाय, फक्त एकट्या रंगावर नवीन नाव ठोकून देणं हे जरा धाडसाचं काम आहे.

वाळूतल्या बारक्या किड्यांकडे आलो की रंगाचा प्रश्नच मिटतो कारण रंगच नसतो. तिथे ओळखायचं ते नर अवयवाच्या कडक सुईसारख्या भागावरून, त्याला स्टायलेट म्हणतात. तो किती लांब, टोक कसं वळलेलं, एवढ्यावर प्रजाती ठरते. आणि इथेच एक मोठं कोडं निघतं. गायराट्रिक्स हर्माफ्रोडायटस हे नाव एरेनबर्ग यांनी 1831 मध्ये दिलं, त्यानंतर हा किडा जगात जिथे बघावं तिथे सापडत गेला, समुद्रात, खाडीत, गोड्या पाण्यात सुद्धा. आता हा जीव मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, वाळूला चिकटून राहणारा, समुद्रात तरंगत लांब जाणारी अळी-अवस्था याला नाही, अंड्यातून थेट छोटा किडाच बाहेर येतो, मग हा महासागर ओलांडून गेला कसा? वाळूतल्या सगळ्याच बारक्या प्राण्यांच्या बाबतीत हा प्रश्न पडतो, जाण्याची सोय नाही आणि तरी सगळीकडे हजर, अभ्यासक याला मियोफॉनाचा पॅराडॉक्स म्हणतात. पॉलिक्लॅडमध्ये निदान काहींना तरी अळी असते, आठ पाळ्यांची म्युलर अळी किंवा चार पाळ्यांची गोएटे अळी, ती प्रवाहाबरोबर बरीच लांब जाऊ शकते.

कोड्याचं एक उत्तर म्हणजे तो एक किडा नाहीच मुळी. गायराट्रिक्सचे क्रोमोसोम डीएनएच्या बरंच आधी लोकांनी बघायला सुरुवात केली होती आणि वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे वेगवेगळे येत होते, पुढे डीएनए बघितलं तेव्हा या एका नावाखाली डझनावारी वेगळे वंश लपलेले निघाले. बाहेरून सारखे, आतून कधीचेच वेगळे झालेले, यांना क्रिप्टिक किंवा गुप्त प्रजाती म्हणतात. पॅराडॉक्स पूर्ण सुटला असं नाही, कारण त्यातले काही वंश खरंच लांब लांब पसरलेले आहेतच.

आता मूळ मुद्द्यावर येऊ, "वेगळे झालेले" हे कळतं कसं? इथे जनुकीय विविधता म्हणजे काय हे थोडं सावकाश बघायला लागेल, कारण सगळा खेळ त्यावर आहे.

प्रत्येक किड्याकडे एका जीनच्या दोन प्रती असतात. समजा त्या जीनचे दोन प्रकार आहेत, क आणि ख, आणि एका किनाऱ्यावर दोन्ही निम्मे-निम्मे आहेत. सगळे किडे आपसात मोकळेपणाने समागम करत असतील तर 100 किड्यांमध्ये साधारण 25 जणांकडे क-क, 25 जणांकडे ख-ख आणि 50 जणांकडे क-ख अशी मिश्र जोडी सापडायला पाहिजे. आता तुम्ही तीच वाळू उपसली, 100 किडे तपासले आणि 50 क-क, 50 ख-ख आणि मिश्र एकही नाही असं दिसलं तर? एकाच मूठभर वाळूत शेजारी शेजारी राहतायत, भेटायला कसलीच अडचण नाही, तरी पिढ्यानपिढ्या मिश्र पिल्लू नाही, म्हणजे ते एकमेकांत मिसळतच नाहीत. मायर यांची व्याख्या इथे कोणाचंही लग्न न लावता तपासून झाली. मला हा या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर भाग वाटतो, की जे प्रयोगात करून बघता येत नाही ते निसर्गाने आधीच करून ठेवलेलं असतं आणि आपण फक्त निकाल वाचायचा.

भूमध्य समुद्रातल्या वाळूत राहणाऱ्या मोनोसेलिस लिनिआटा या किड्यावर असंच काम झालं. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर सासारी विद्यापीठ आहे, तिथल्या मार्को कुरिनी-गालेट्टी आणि मार्को कासू यांनी 2004 च्या सुमारास डीएनए नाही तर अ‍ॅलोझाइम वापरले, म्हणजे एकाच एन्झाइमचे जरा वेगवेगळे प्रकार, जेलमध्ये करंट दिला की ते वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि पट्ट्या दिसतात, मिश्र किड्यात दोन्हीकडच्या पट्ट्या येतात. 18 व्या शतकापासून एकच समजला गेलेला हा किडा त्यात अनेक तुकड्यांमध्ये फुटला. याच्या काही किड्यांना डोळ्याजवळ रंगाचा डाग असतो, काहींना नसतो, काही समुद्रात राहतात काही खाऱ्या-गोड्या पाण्याच्या मधल्या जागी, तेव्हा फरक दिसत होते, पण ते "असतं थोडंफार" म्हणून सोडून दिले जायचे. नंतर 2016 मध्ये त्याच गटाने यावर डीएनए लावून परत काम केलं आणि या किड्याच्या प्रजाती वेगळ्या काढणं किती किचकट आहे हेच त्यातून पुढे आलं.

पण थांबा, मिश्र जोडी सापडली नाही म्हणजे दोन प्रजाती हे प्रत्येक वेळी खरं नसतं. हे किडे उभयलिंगी आहेत हे विसरायचं नाही. मॅक्रोस्टोमम हिस्ट्रिक्स नावाचा किडा एकटा पडला, जोडीदार मिळाला नाही, तर स्वतःचा स्टायलेट स्वतःच्याच अंगात टोचतो, बऱ्याचदा डोक्याकडच्या भागात, आणि ते शुक्राणू अंगातून अंड्यांपर्यंत जातात. 2015 मध्ये हे छापून आलं तेव्हा बातम्यांमध्ये खूप गाजलं होतं, पण गंमत बाजूला ठेवली तर त्याचा परिणाम गंभीर आहे, स्वतःशीच प्रजनन केलं की दर पिढीला मिश्र जोड्या निम्म्या होतात, आठ-दहा पिढ्यांत जवळजवळ संपतात. म्हणजे एकाच प्रजातीत सुद्धा क-क आणि ख-ख एवढेच दिसू शकतात. मग फरक कसा करायचा? एकाच जीनवर थांबायचं नाही, दहा-पंधरा जीन बघायचे. दोन खऱ्या प्रजाती असतील तर सगळे जीन एकाच रेषेवर फुटतात, इकडचा किडा पहिल्या जीनमध्ये क असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या जीनमध्ये पण तो आपल्याच गटाबरोबर उभा असतो. स्वतःशी प्रजनन करणाऱ्यांमध्ये मात्र वेगवेगळ्या जीनमध्ये गट वेगवेगळे पडतात, कारण अधूनमधून कोणीतरी जोडीदार गाठलेलाच असतो आणि पत्ते पिसले गेलेले असतात.

आता बारकोडिंग. 2003 मध्ये पॉल हेबर्ट यांनी कल्पना मांडली की मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जीनचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा एक तुकडा वाचला तर प्राण्याची प्रजाती ओळखता येईल. बहुतेक प्राण्यांमध्ये मस्त चालतं. फ्लॅटवर्मने मात्र इथे पण त्रास दिला. हा तुकडा उचलायला 1994 पासून जे सर्वसाधारण प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) वापरतात ते यांच्यात बऱ्याचदा चिकटतच नाहीत, कारण यांच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए खूप वेगाने बदललेला आहे, आणि 2013 मध्ये मार्टेन व्हानहोव्ह आणि सहकाऱ्यांनी फ्लॅटवर्मचं बारकोडिंग किती अडचणीचं आहे यावर स्वतंत्र लेखच लिहिला. त्यात भर म्हणजे डीएनएवरून प्रोटीन बनवायचा यांचा कोड पण निराळा, एएए ही तीन अक्षरं बहुतेक प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात लायसीन हे अमिनो आम्ल जोडा असं सांगतात, फ्लॅटवर्मच्या मोठ्या गटात ती अ‍ॅस्पॅराजीन सांगतात, चुकीचा तक्ता लावला तर सगळं प्रोटीन चुकीचं वाचलं जातं. आणि तिसरी भानगड पोटातली. हे शिकारी प्राणी, पोटात दुसऱ्याचं मांस भरलेलं, आणि पॉलिक्लॅडचं पोट तर फांद्या फुटल्यासारखं अंगभर पसरलेलं. प्रायमर किड्यापेक्षा शिकारीला जास्त चिकटला की सिक्वेन्स किड्याच्या नावावर आणि डीएनए भलत्याच प्राण्याचं. म्हणून किड्याला आधी उपाशी ठेवतात, आणि तुकडा घ्यायचा तर अंगाच्या कडेचा घेतात, बाकीचा किडा काप काढायला शिल्लक ठेवतात. एवढ्या कटकटीमुळे बरेच जण सीओआय सोडून 28एस आणि 18एस या राइबोसोमच्या जीनवर भर देतात, ते सहज मिळतात पण हळू बदलतात, त्यामुळे नुकत्याच फुटलेल्या प्रजाती त्यात एकच दिसू शकतात.

समजा सगळं जमलं आणि सिक्वेन्स हातात आला. पुढे काय? सगळ्या किड्यांच्या जोड्या लावून कोण कोणापासून किती टक्के वेगळा हे मोजायचं. एका प्रजातीच्या आत फरक कमी आणि दोन प्रजातींमध्ये जास्त, आणि मध्ये मोकळी जागा, अशी अपेक्षा असते. एबीजीडी नावाची पद्धत तीच मोकळी जागा शोधते, जीएमवायसी आणि पीटीपी या पद्धती वंशवृक्षावर फांद्या फुटायचा वेग कुठे बदलतो ते बघतात. आता किती टक्के फरक म्हणजे नवीन प्रजाती असा एक आकडा लोकांना हवा असतो, आणि तो नाही. मोठ्या लोकसंख्येत, जुन्या वंशात आतलाच फरक भरपूर असतो, छोट्या आणि नव्या प्रजातीत शेजारणीपासून पण फरक जेमतेम. एकाच डेटावर तीन पद्धती लावल्या तर तीन आकडे येणं हे अगदी नेहमीचं आहे.

त्यातून सगळ्यात जास्त फसवतं ते अर्धवट सॅम्पल. हे किडे लांब जात नाहीत, त्यामुळे शेजारच्या किनाऱ्याशी थोडी देवाणघेवाण, त्याच्या पुढच्याशी कमी, लांबच्याशी शून्य, असा फरक हळूहळू वाढत जातो. तुम्ही फक्त दोन टोकांचे किडे आणले तर दोन स्वच्छ गट दिसणार. दुपारचा एक आणि मध्यरात्रीचा एक असे दोनच फोटो बघणाऱ्याला दिवस आणि रात्र अगदी वेगळे वाटतात, संध्याकाळचे फोटो पण बघितले की रेघ कुठे मारायची ते सुचत नाही, तसंच हे. 2017 मध्ये जीत सुकुमारन आणि लेसी नोल्स यांनी दाखवलं की प्रजाती शोधणाऱ्या एका लोकप्रिय गणिती पद्धतीला खरं म्हणजे लोकसंख्येचे तुकडे सापडतात, ते तुकडे प्रजाती आहेत की नुसत्या एकाच प्रजातीच्या वस्त्या हे ती पद्धत सांगू शकत नाही. वाळूतल्या फ्लॅटवर्मसारख्या घर न सोडणाऱ्या प्राण्यांना हे सगळ्यात जास्त लागू पडतं. त्यामुळे एक जीन, तीन किनारे आणि चार नव्या प्रजाती असं काही वाचलं की माझ्या तरी भुवया वर जातात.

बरं प्रयोग करून बघता आलाच तर उत्तर सोपं मिळतं का? तर ते पण नाही. मॅक्रोस्टोमम लिग्नानो हा फ्लॅटवर्ममधला लॅबचा लाडका, इटलीत लिग्नानोच्या किनाऱ्यावर सापडला, 2005 मध्ये नाव मिळालं, काचेच्या बशीत आरामात वाढतो. त्याचा जवळचा नातेवाईक मॅक्रोस्टोमम यानिकाय, याला अगदी अलीकडे, 2020 मध्ये नाव मिळालं. दोघांचा स्टायलेट वेगळा, यानिकायचा टोकाला चांगलाच वळलेला, समागमाच्या सवयी पण वेगळ्या. जुन्या पद्धतीने बघा किंवा डीएनएने, दोन प्रजाती. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल विद्यापीठात लुकास शेरर यांच्या गटाने 2020 मध्ये दोघांना एकत्र ठेवलं तर समागम झाला, पिल्लं झाली, त्या संकरांचा स्टायलेट दोघांच्या मधला निघाला आणि ती पिल्लं पुढे प्रजननक्षम सुद्धा होती! म्हणजे शाळेतली व्याख्या अक्षरशः धरली तर ही एकच प्रजाती. पण ती बशीतली गोष्ट झाली, समुद्रात हे दोघे एकमेकांना भेटतात का, भेटले तर आपलाच जोडीदार निवडतात का, हे प्रश्न वेगळेच आहेत, आणि मायर यांनी सुद्धा निसर्गात काय होतं यावरच भर दिला होता. मला विचाराल तर त्यांना दोन म्हणणंच बरोबर, पण ज्याला एक म्हणायचंय त्याच्याकडे पण पुरावा आहे.

याच मॅक्रोस्टोमम लिग्नानोमध्ये आणखी एक डोकेदुखी आहे. क्रोमोसोमचा आकडा प्रजातीत पक्का असतो असं आपण धरून चालतो, याचा नेहमीचा आकडा 8, पण 9 आणि 10 वाले किडे पण असतात आणि ते बशीत छान जगतात, आपसात पिल्लं पण घालतात. मोठ्या क्रोमोसोमची एखाद-दुसरी प्रत जास्त असते एवढंच. याच्या जीनोममध्ये जुन्या काळी सगळ्याच क्रोमोसोमची दुप्पट झाल्याच्या खुणा सापडतात, त्यामुळे बहुधा एखादी प्रत जास्त झाली तरी त्याला झेपतं. म्हणजे गायराट्रिक्समध्ये जो पुरावा वेगळ्या प्रजातींकडे बोट दाखवत होता तो इथे काहीच सिद्ध करत नाही.

आणि रेघ फक्त प्रजातींमध्येच हलते असं पण नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर रॉस्कॉफजवळ सिमसॅजिटिफेरा रॉस्कॉफेन्सिस नावाचा हिरवा किडा असतो, अंगात शेवाळ पाळतो आणि त्याच्या जोरावर उन्हात जगतो. दिसायला, चालायला पक्का फ्लॅटवर्म, आणि त्याचा अख्खा गट, अ‍ॅसील, शंभर वर्षांहून जास्त काळ फ्लॅटवर्ममध्येच धरला जायचा. 1999 मध्ये इन्याकी रुइझ-त्रिय्यो आणि सहकाऱ्यांनी 18एस जीन बघून सांगितलं की हे फ्लॅटवर्म नाहीतच. वर सांगितलेला एएएचा बदल पण यांच्यात नाही. आज ते झेनअसीलोमॉर्फा नावाच्या वेगळ्या गटात आहेत, आणि तो गट प्राण्यांच्या झाडावर नेमका कुठे लावायचा यावर अजून वाद चालू आहे.

हे सगळं बरोबर ठरलं काय किंवा चुकलं काय, कोणाला काय फरक पडतो असं वाटू शकतं. मत्स्यपालन करणाऱ्यांना पडतो. निओबेनेडेनिया नावाचा परजीवी फ्लॅटवर्म समुद्री माशांची कातडी खातो, त्याच्या अंड्यांना लांब दोरे असतात, ते जाळ्यांमध्ये अडकून बसतात, त्यामुळे माशांवर औषध केलं तरी अंड्यांतून नवी फौज निघतेच. 1996 मध्ये व्हिटिंग्टन आणि हॉर्टन यांनी दिसण्यावरून मेलेनाय आणि जिरेलाय या दोन नावांना एकच ठरवलं, सगळं मेलेनायच्या नावावर गेलं, शंभराहून जास्त जातींच्या माशांवर सापडणारा एकच परजीवी म्हणून तो प्रसिद्ध झाला. 2018 मध्ये डीएनएवरून अ‍ॅलेक्सांडर ब्रेझेनॉर आणि सहकाऱ्यांनी जिरेलायला परत वेगळं काढलं, आणि जगभर मत्स्यपालनात त्रास देणारा बराचसा हाच असं दिसू लागलं. आता अंडं किती तापमानाला किती दिवसांत फुटतं, औषधाचा दुसरा डोस कधी द्यायचा, हे सगळं प्रजातीप्रमाणे बदलू शकतं, मग मधल्या वीसेक वर्षांतल्या मेलेनायच्या अभ्यासातला कुठला आकडा नक्की कोणाचा?

मत्स्यालय हौशी लोकांचा अनुभव उलटा आहे. अ‍ॅक्रोपोरा जातीचं प्रवाळ खाणारा एक फ्लॅटवर्म त्यांना चांगलाच माहीत होता, प्रवाळाच्याच रंगात मिसळून बसतो त्यामुळे दिसत नाही, दिसतात ते फक्त खाल्लेले पांढरे डाग. त्याला शास्त्रीय नाव 2011 मध्ये मिळालं, अमाकुसाप्लाना अ‍ॅक्रोपोरी, आणि समुद्रात ग्रेट बॅरियर रीफवर तो सापडल्याची पहिली नोंद 2012 ची. म्हणजे टाकीत आधी, समुद्रात नंतर. 2019 मध्ये डीएनएच्या आधारे त्याचं जीनसच बदललं आणि तो प्रॉस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी झाला.

सध्या जे लोक हे काम नीट करतात ते एका पुराव्यावर थांबत नाहीत, जिवंत किड्याचा रंगीत फोटो, मायक्रोस्कोपचे काप, मायटोकॉन्ड्रियाचा एक जीन आणि केंद्रकातले दोन-तीन, जमलं तर क्रोमोसोम, आणि हे सगळं एकाच किड्याचं, वेगवेगळ्या किड्यांचं जोडून नाही. मग हे सगळे पुरावे एकच रेघ दाखवतात का ते बघायचं. दाखवत असतील तर नाव द्यायचं, नसतील तर "कॉम्प्लेक्स", म्हणजे अजून न सुटलेला गट, म्हणून ठेवून द्यायचं आणि आणखी किनारे पालथे घालायचे. जुनं नाव कोणत्या तुकड्याला लावायचं हा शेवटचा तिढा तरीही उरतोच, त्यासाठी ज्या किनाऱ्यावरून ते नाव पहिल्यांदा दिलं गेलं तिथेच परत जाऊन ताजा किडा आणायला लागतो, आणि मूळ नमुना हरवलेला असेल तर नियमाप्रमाणे त्या नव्या किड्याला नावाचा अधिकृत धनी करता येतं. डेटाबेसमध्ये आज फ्लॅटवर्मचे कितीतरी सिक्वेन्स असे पडून आहेत की ज्यांच्यामागे ना फोटो आहे ना बाटलीत ठेवलेला किडा, नुसतं एक नाव चिकटवलेलं आहे, आणि ते बरोबर आहे का हे आता कोणालाच तपासता येणार नाही.